वर्षाला किती चालते

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये एसी इतका
की काचेपलीकडचे त्रेचाळीस अंश
टीव्हीत दाखवल्यासारखे.
उईके नावाचा पोरगा, टाय सैल,
पाण्याच्या बाटल्या पुढे सरकवत म्हणाला,
"वर्षाला किती चालते जी तुमची गाडी?
त्याच्यावरच आहे सगळं."

प्रफुल्ल हिशेब घरूनच करून आलेला,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर :
डिझेल सव्वा लाखानं महाग,
किलोमीटरमागे दोन रुपये वाचवते,
म्हणजे साठेक हजार चालली की फिटली.
पेट्रोल मुकाट, हलकी, सर्व्हिसिंग स्वस्त.
डिझेल शहरात नुसती रांगत राहिली
तर तिच्या नळीत काजळी धरते म्हणे,
अधूनमधून तिला
मोकळ्या रस्त्यावर पळवून आणावी लागते.

"अठरा हजार," मी सांगून टाकलं.

प्रफुल्लचं पेन थांबलं.
शर्वी शोरूममधल्या गाडीत बसून
छताची काच उघड-मीट करत होती.
उईके खूश : "मग डोळे मिटून डिझेल घ्या नं, मॅडम."

आकडा खरा होता.
मागच्या वर्षाचा होता.

शनिवारी मेडिकलमधून सुटले की
एक्स-रेच्या खोलीतला अंधार डोळ्यांत तसाच घेऊन
उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी.
सव्वाशे जायचे, तेवढेच यायचे.
आमच्या जुन्या डिझेलचा आवाज
गल्लीच्या तोंडाशीच कळायचा आईला.
दिसायचं नाही फारसं; कान शाबूत.
मी फाटक उघडेपर्यंत गॅसवर आधण.
"दुसऱ्या कोनाची असन असं वाटलंच नाही," म्हणायची,
"तुझी खोकलते."

माघापासून त्या रस्त्याला काम नाही.
आता घर ते मेडिकल, जाऊन-येऊन सोळा,
शर्वीचा क्लास, बुधवारचा बाजार,
कंटाळा आला तर फुटाळा.
बेरीज सहा हजारांपुढे जात नाही,
कशीही करा.

आधी पेट्रोल चालवून पाहिली.
छत्रपती चौकात लाल दिवा लागला
आणि इंजिन आपणहून गप्प झालं.
स्टेअरिंगवर हात, हाताखाली काहीच नाही.
"काऊन घाबरता? बंद नाही पडली," मागून उईके,
"ब्रेकवरचा पाय उचला, सुरू होते."
उचलला. झाली.
इतकी सोपी गोष्ट.

मग डिझेल.
थरथर तळपायातून पोटरीत चढली
आणि मी नरेंद्रनगरच्या पुलाशी वळण चुकवलं,
आणखी दोन किलोमीटर मिळावे म्हणून.
कुणी काही बोललं नाही.

परत आलो तर प्रफुल्लनं पत्रिका उलटी केलेली,
वधूवरांची नावं वर.
"अठरा तर अठरा," म्हणाला.
"जात जाऊ नं कुठंतरी. ताडोबा. पचमढी.
दर महिन्याला निघायचं ठरवलं तर होते."
भाजीवालीच्या सुट्ट्या पैशांतही न चुकणारा हा माणूस
माझ्यासाठी बारा हजार किलोमीटर
कुठून कुठून गोळा करून राहिला होता.

"सहा," मी उईकेला म्हटलं. "सहा हजार लिहा."
तो गोंधळला. पण खोडलं त्यानं.
"मग पेट्रोल?"
"पेट्रोल."

"रंग?"
"धूळ दिसणार नाही असा," प्रफुल्ल म्हणाला.

बाहेर उन्हात जुनी उभी होती.
एक्सचेंजवाला तिच्याभोवती फिरत ओरखडे मोजत होता.
वाकून त्यानं चाकावरच्या पत्र्याच्या आत बोट फिरवलं,
जिथं पाण्याचा पाइप कधी पोचत नाही :
खाली उमरेडच्या खाणींची काळी,
तिच्यावर नागभीडकडची तांबडी,
घट्ट बसलेली, थरावर थर.

"धुऊन देता का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तशीच घ्या."